शाबासकीचा आवाज

माझाच आवाज माझ्या मागच्या सीटवरून आला. "आधी कोण ते शोध. मग काय करतं ते बघू." मी तर तोंडही उघडलं नव्हतं. बसच्या काचेला कपाळ टेकून मी कालव्यातल्या बोटी बघत होते, डोक्यात नको ते विचार चालू होते, आणि आपलं बोलणं आपल्याला सोडून मागं जाऊन बसलंय हे कळायला जरा वेळ लागला. मी मान वळवली नाही. काचेत मागचं थोडं थोडं दिसत होतं: आठेक वर्षांची एक मुलगी, पिवळा रेनकोट, मांडीवर टॅब्लेट, शेजारी तिचा बाप. टॅब्लेटचा आवाज चांगला मोठा ठेवला होता. पुढच्या दोन बायका वळून बघत होत्या, आमच्या गावात बसमध्ये असं कुणी करत नाही. पण मुलगी आमच्या गावची नसावी. बाप बोलला तेव्हा ते कळलंच. शब्द लोण्यात बुडवून बोलायची ही तऱ्हा देशाच्या दक्षिणेकडची, इथं उत्तरेला ग्रोनिंगनमध्ये असलं कुणी जन्मत नाही. नवीनच आले असणार. मुलीनं बोटानं एक शब्द ओढला आणि माझा आवाज लगेच म्हणाला, "सायकल स्वतःच्या हातानं तेल घालून घेते का? परत बघ." मला हसू आलं. पडद्यावरचं वाक्य मीच लिहिलं होतं. आजी सायकलला तेल घालते. निळा चौकोन 'कोण'चा, लाल चौकोन 'काय करतं'चा, बाकी सगळं पिवळ्यात. पोरीनं सायकल निळ्यात टाकली होती. दर वर्षी माझ्या वर्गातली निम्मी पोरं हेच करतात, सायकल चित्रात मोठी आहे म्हणून.

बुधवार होता. बुधवारी शाळा दुपारी सुटते, पोरं पोहायला नाहीतर घोड्यावर बसायला जातात आणि आम्ही शिक्षक वर्ग आवरतो. मी वर्ग तसाच टाकून बस पकडली होती, कारण ज्या कंपनीनं हे अ‍ॅप केलं होतं तिथं मला बोलावलं होतं, आणि माझा हा आवाज पुढच्या वर्षी त्यात राहणार की जाणार ते आज ठरायचं होतं. सायकलनंच गेले असते, पण गुडघा कुरकुरत होता. अ‍ॅप त्यांचं असलं तरी त्यातली युक्ती माझी. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधून, तीन रंगांच्या पुठ्ठ्यांवर शब्द लिहून, चिमट्यांनी लावून मी वाक्यं शिकवायचे. पोरं शब्द हातात घेऊन दोरीपर्यंत पळत यायची, एकमेकांच्या शब्दांवर बसायची, शब्द चघळायचीसुद्धा. मग फळे विजेचे झाले, प्रत्येक पोराच्या हातात टॅब्लेट आला, आणि कंपनीतला कुणीतरी माझ्या वर्गात बसून दोरी बघून गेला. लोकांना वाटलं म्हातारी आता रडणार, दोरी गेली म्हणून. मी कशाला रडू? दोरीवर एका वेळी एक वाक्य वाळायचं, आता अठ्ठावीस पोरं अठ्ठावीस वाक्यं बांधतात आणि कुणाचं कुठं अडलं ते मला पडद्यावर दिसतं. मी फक्त म्हटलं, प्रश्न मी लिहीन. ते म्हणाले, मग बोल पण तूच.

मागं टॅब्लेटवर बोट फिरत होतं. मुलगी ओठ चावत होती. "ही बाई कोण आहे गं?" बाप म्हणाला. "आंबट काकडी खाऊन बसल्यासारखी बोलते." पोरगी टॅब्लेटवर वाकली. तिनं आजीला उचलून निळ्यात ठेवलं, तेल घालायला लालमध्ये, सायकल पिवळ्यात. माझा आवाज क्षणभर आलाच नाही, आणि मग आला. "याहून वाईट झालं असतं." पोरगी ताठ बसली. काचेत मला तिची हनुवटी वर गेलेली दिसली.

"आता हे काय?" बाप म्हणाला. "बरोबर आलं ना तुझं?"

"आलं की."

"मग असं का बोलली?"

"खूश झाली म्हणून."

"हे खूश होणं?"

"अरे बाबा, ती आधी श्वास घेते ना. चुकलं की लगेच बोलते. बरोबर आलं की आधी थांबते, मग श्वास घेते, मग बोलते. तू ऐकतच नाहीस."

"वा. म्हणजे आता श्वास मोजायचे."

"मोजू नकोस. ऐक."

माझे कान तापले. मला हे माहीतच नव्हतं. आपण कुठं श्वास घेतो ते कुणाला माहीत असतं? वळून सांगावंसं वाटलं, अगं, ती मी. पण आमच्यात असं सांगत नाहीत. तुझ्या टॅब्लेटमधली बाई मीच, असं परक्या माणसाला बसमध्ये सांगणारी बाई ग्रोनिंगनमध्ये पुढची दहा वर्षं चेष्टेचा विषय होते, आणि ते योग्यच आहे. मी बोटी बघत राहिले. पण आत कुठंतरी असं वाटत होतं की बस थांबवून ड्रायव्हरला सांगावं, त्यानं माइकवरून सगळ्यांना सांगावं. हे वाटणं मी नीट दाबून ठेवलं, लहानपणापासून सवय आहे.

याहून वाईट झालं असतं. हे आमच्याकडचं. कुणी घर बांधलं, लग्न केलं, जुळी मुलं झाली, की शेजारी येतात, उभे राहतात, बघतात, आणि एवढंच म्हणतात. कौतुकाची याच्या वर आमच्याकडे पायरीच नाही. माझे वडील पूल उघडायचे. कालव्यावरच्या लाकडी पुलाशेजारी आमचं घर होतं, बोट आली की ते बाहेर यायचे, चाक फिरवायचे, पूल वर जायचा, बोटवाला दोन बोटं टोपीला लावायचा, वडील दोन बोटं टोपीला लावायचे, पूल खाली यायचा. बोलणं यात कुठं नव्हतंच. मी शिक्षिका झाले त्या दिवशी शहरातून सायकल हाणत घरी आले तेव्हा पूल वर होता आणि ते चाकाशी होते. मी पलीकडच्या काठावरूनच ओरडले, पास झाले. वाऱ्यात त्यांना ऐकू गेलं की नाही कळेना. ते माझ्याकडे बघत राहिले. बोट निघून गेली. मग त्यांची छाती श्वासानं फुगलेली मला त्या काठावरून दिसली, आणि ते म्हणाले, "याहून वाईट झालं असतं." त्यानंतर ते पूल खाली घ्यायचंच विसरले. दोन्ही बाजूंना सायकली खोळंबल्या, दूधवाला घंटी वाजवायला लागला, आणि माझे वडील, ज्यांनी आयुष्यात कधी कुणाला एक मिनिट थांबवलं नव्हतं, चाकावर हात ठेवून उभे. आमच्या घरी या दिवसाबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. मी अजूनही बरं नसलं की तो उघडा पूल आठवते आणि बरी होते.

तेव्हा स्टुडिओत कुणी म्हणालं, की पोराचं वाक्य बरोबर आलं की वर्गात जे म्हणतेस तेच म्हण, तर मी दुसरं काय म्हणणार होते? आवाज भरून घेणारा हार्म हाही आमच्याकडच्याच विन्स्खोतन गावचा, माझ्याहून घुम्या. त्यानं हेडफोन कानावर ठेवून मान हलवली, म्हणाला, सहा वेळा म्हण, म्हणजे पोरांना तेच तेच नको. सहा वेळा एकच वाक्य वेगळं कसं म्हणायचं? मी दर वेळी डोळे मिटून एकेका पोराला समोर आणलं. पहिल्या वेळी तोतरा यिप्पे. दुसऱ्या वेळी ती, जी वर्षभर बाकाखाली बसायची. तिसऱ्या वेळी वर्गात नुकतीच आलेली सेनाइत. असे सहा जण. प्रत्येकाला बघितलं आणि म्हटलं. आम्ही दोघंही समाधानानं घरी गेलो. हे वाक्य देशात इतरत्र कुणी शाबासकी म्हणून ऐकणार नाही, असं दोन ग्रोनिंगनकरांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. मग अ‍ॅप देशभर गेलं आणि दक्षिणेकडच्या लिम्बुर्खमधल्या शिक्षकांची कुजबुज सुरू झाली, की ही बाई मुलांना टोमणे का मारते. अ‍ॅमस्टरडॅममधली पोरं म्हणे माझी नक्कल करतात. करू देत. नक्कल करायला ऐकावं लागतं.

सेनाइत एरिट्रियाहून आली तेव्हा नऊ वर्षांची होती. हिवाळाभर ती बोललीच नाही. बाकीची पोरं सकाळी दाराशी माझा हात हातात घेऊन 'गुड मॉर्निंग बाई' म्हणायची, ती हात द्यायची आणि खाली बघायची. अ‍ॅप वर्गात आलं तसे तिला मी कानाला लावायला हेडफोन दिले. ती खिडकीजवळ बसून टॅब्लेटवर शब्द ओढायची आणि ओठ हलवायची, माझ्या आवाजामागून, अगदी कमी आवाजात. मी जवळ गेले की ओठ थांबायचे. मला थोडा मत्सर वाटला, खरं सांगते. माझ्याशी बोलत नव्हती, माझ्या आवाजाशी बोलत होती. एका दुपारी मी मोठ्या फळ्यावर शब्द सोडले आणि म्हटलं, कुणाला हवं त्यानं यावं, स्वतःचं वाक्य करावं. ती उठली. सगळ्यांनी टॅब्लेट खाली ठेवले, पोरांना असल्या गोष्टी आपल्याआधी कळतात. तिनं फळ्यावर बोटानं एकेक शब्द ओढत नेला, वाटेत दोन शब्द टाकले, परत उचलले. माझा भाऊ घोड्याला भितो. पोरं हसली, तिचा भाऊ सगळ्यांना ठाऊक होता, तो वरच्या वर्गात होता आणि मोठा ऐटबाज होता. तीही हसली. मग फळ्यातून माझा आवाज म्हणाला, याहून वाईट झालं असतं. सेनाइतनं फळ्याकडे बघितलं आणि मग वळून माझ्याकडे, माझं आणि फळ्यातल्या बाईचं एकमत आहे की नाही ते बघायला. मी मान हलवली. तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य. त्यानंतर जी बोलायला लागली ती आता माध्यमिक शाळेत शिक्षकांशी वाद घालते असं कळतं.

बस स्टेशनजवळ आली. मागची पोरगी बापाबरोबर उतरायला उठली, टॅब्लेट पिशवीत कोंबत. बाप माझ्या खांद्याला धक्का लागला म्हणून "माफ करा हं" म्हणाला, आणि मी "काही नाही" म्हटलं. पोरगी थबकली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, भुवया जवळ आणून, बरोबर चौकोन शोधताना बघत होती तशी. बापानं हात ओढला. दार बंद झालं. माझं हसू मला काचेत दिसलं आणि मी ते आवरलं नाही.

कंपनीचं ऑफिस जुन्या गोदामात आहे, वर काच लावलेली, आत झाडं. हार्म आता तिथं नाही. कारोलीन म्हणून उट्रेक्टची मुलगी आहे, तिशीची, चांगली मुलगी. तिनं कॉफी दिली, कॉफीबरोबर एकच बिस्किट, म्हणजे तिला आमच्याकडची काटकसरीची रीत कळायला लागली होती. "फेन्ना, तुला काहीतरी ऐकवायचंय," ती म्हणाली. "पुन्हा रेकॉर्डिंगचा त्रास नको म्हणून आम्ही एक गंमत केलीय. रागावू नकोस हं." तिनं बटण दाबलं. खोलीत माझा आवाज आला. "वाऽ! फारच सुंदर! तू तर तारा आहेस तारा!"

मी कप खाली ठेवला. तो माझाच आवाज होता. शेवटचा शब्द ओढायची माझी खोड, नाकातला जरासा सर्दीचा सूर, सगळं. माझ्या जुन्या प्रश्नांवरून मशीननं तो आवाज शिकून घेतला होता आणि मी जन्मात न बोललेले शब्द ते बोलत होतं. आरशात आपण स्थिर उभं असावं आणि आरशातली बाई नाचायला लागावी, तसं अंगावर आलं. मी पुन्हा लावायला सांगितलं. कारोलीनला वाटलं मला आवडलं. मी ऐकत होते ते शब्द नाही, शब्दाच्या आधीचं. तिथं काही नव्हतं. बटण दाबलं की वाऽ. पोरानं आजीला निळ्यात ठेवायचा अवकाश, की वाऽ.

"किती गोड वाटतं ना?" कारोलीन म्हणाली. "ऑफिसात सगळे म्हणाले, फेन्ना हसतेय असं वाटतं."

"मी हसत नव्हते."

"हो, ते आहेच. पण फेन्ना, तिकडे दक्षिणेत मास्ट्रिख्टमध्ये एक मुलगा आहे. सात वर्षांचा. तू बोललीस की तो रडायचा. टॅब्लेट धुवायच्या कपड्यांत लपवून ठेवायचा."

हे मला लागलं. तो पोरगा खोटं रडला नव्हता. मी त्याला ओळखत नाही, त्याच्या घरी शाबासकी कशी देतात मला माहीत नाही, कदाचित त्याचा बाप त्याला उचलून गरगर फिरवत असेल. "त्याला मला भेटव," मी म्हटलं. "त्याच्यासाठी मी वेगळं काहीतरी म्हणते. त्याला बघू दे मला, मग म्हणते."

"लाखभर मुलं आहेत. एकेकाला कुठं बघणार?"

"मी सहा जणांना बघितलं होतं."

"म्हणजे?"

मी तिला सांगितलं, हार्मनं सहा वेळा म्हणायला लावलं होतं ते, आणि दर वेळी कोण समोर होतं ते. यिप्पे, बाकाखालची, सेनाइत. ती ऐकत राहिली. हुशार मुलगी आहे, तिनं मान हलवली, पण तिच्या हातात काही नव्हतं हे मला दिसत होतं. शाबासकीनं पोरं अ‍ॅपवर किती वेळ टिकतात याचे आकडे वरच्यांनी बघितले होते. "दोन आवाज ठेवता येणार नाहीत," ती म्हणाली. "एक तर तू हे नवं चालवून घे. देशभर तुझाच आवाज राहील, तुझे प्रश्नही राहतील, सायकलचं वगैरे. नाहीतर सगळंच दुसऱ्या कुणाच्या आवाजात करावं लागेल. प्रश्नसुद्धा नवे. मला वाईट वाटेल, खरंच."

मी खिडकीबाहेर बघितलं. समोर मुलं कालव्याच्या कडेनं सायकली हाणत होती, वाऱ्याविरुद्ध, उभं राहून. हो म्हणणं सोपं होतं. माझा आवाज लाखभर घरांत राहिला असता, मी निवृत्त झाल्यावरही, मी गेल्यावरही. सायकल स्वतः तेल घालून घेते का, हे कुणीतरी विचारत राहिलं असतं. आणि मध्ये मध्ये ती दुसरी, माझ्या गळ्यातली, वाऽ वाऽ करत. बसमधली पोरगी थांबून ऐकेल, काहीच सापडणार नाही, आणि तिला वाटेल की बाईंनी आपल्याकडे बघणं सोडलं. ते मला चालणार नव्हतं. माझं नाव गेलं तर गेलं.

"माझा आवाज काढून टाक," मी म्हटलं.

"सगळा?"

"सगळा. प्रश्नसुद्धा."

"फेन्ना, विचार कर."

"केला. ज्या पोरांना मी शाबासकी दिली ती खरी होती. तिच्यात पाणी घालायचं नाही."

कारोलीननं कप बाजूला सारला. मग तिनं उठून मला तीन वेळा गालाला गाल लावला, ही तिच्याकडची रीत, आणि मी लावू दिला. खाली उतरताना गुडघा दुखत होता आणि तरी मी जिना भराभर उतरले. बाहेर वारा नेहमीचाच, टोपी धरावी लागत होती. पुढच्या वर्षी माझा आवाज कुठल्याच टॅब्लेटमध्ये नसेल, हे मी स्वतःला दोनदा सांगून बघितलं. दुखलं. चांगलंच दुखलं. पण त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी वर येत होतं, छातीतून, आणि ते मी पुन्हा दाबायला निघाले तर दबेना. वर्गात अजून जुलैत शाळेचं वर्ष संपेपर्यंत अठ्ठावीस पोरं आहेत, त्यांना मी स्वतः बघते. मी कालव्याच्या कठड्याला टेकले आणि राइंटला फोन लावला. राइंट माझा नवरा. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून घरी असतो आणि फोनवर माझ्याहून कमी बोलतो.

"मी नाही म्हणाले," मी म्हटलं.

"हं."

"आवाज काढून टाकणार आहेत. सगळा."

"हं."

एक सायकल घंटी वाजवत गेली. मी ती जाऊ दिली. "राइंट, मला माझा अभिमान वाटतोय," मी म्हटलं. हे वाक्य मी कुणासमोर कधी बोलले नव्हते. आईवडिलांसमोर नाही, पोरांसमोर नाही, त्याच्यासमोर तर नाहीच. पलीकडे डाव भांड्यावर आपटल्याचा आवाज आला.

"बरी आहेस ना?" त्यानं विचारलं.

"बरी आहे."

"मग ये घरी. वाटाण्याचं सूप केलंय."

"येते."

मला वाटलं त्यानं फोन ठेवला. ठेवला नव्हता, त्यानं श्वास घेतलेला ऐकू आला.

"फार सुंदर झालंय," राइंट म्हणाला.

मग फोन आधी कुणी ठेवायचा ते काही ठरेना.